गळती नव्हे, ढकलणे: कडेवरचे भावंड, शाळेबाहेरची बहीण आणि राज्याचा पैसा

आम्ही ज्या वस्तीत काम करतो तेथील बुद्धविहारात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालते. दोन वर्षांपूर्वी सहावीत शिकणारी एक मुलगी तेथे रोज येत असे. तिच्या कडेवर तिचा दीड वर्षाचा भाऊ असे. एका हाताने ती त्याला थोपटायची आणि दुसऱ्या हाताने गणित सोडवायची. भाऊ रडायला लागला की वही मिटून बाहेर जायची. पुढे कांदा काढणीचा हंगाम आला, आईबाप रोजाने जाऊ लागले आणि मुलगी दिवसाच्या शाळेतून दिसेनाशी झाली. एक-दोनदा ती भावाला घेऊनच वर्गात गेली होती. तेव्हा 'ही शाळा आहे, पाळणाघर नाही' असे सांगून तिला परत पाठवण्यात आले. हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'सतत गैरहजर' असा शेरा पडला.

आम्ही तिच्या घरी गेलो. समाजशास्त्र शिकलेल्या आणि चळवळीत वाढलेल्या माणसांना जे सुचते तेच आम्हीही बोललो. बाबासाहेबांचे नाव घेतले, सावित्रीमाईंचे नाव घेतले, शिक्षणाचे महत्त्व सांगितले. त्या माऊलीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमचं सगळं पटतं. माझी काय ती दुश्मन हाय का? पण मी कामाला गेल्यावर ह्याला कुणाच्या पदरात टाकू ते सांगा."

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. वस्तीतल्या अंगणवाडीत तीन वर्षांखालील मुलाला दिवसभर ठेवून घेत नाहीत. आजी गावी. शेजारीण स्वतःच रोजाने जाणारी. म्हणून उत्तर त्या घराने आधीच शोधले होते, ते म्हणजे सहावीतली मुलगी.

शासनाच्या भाषेत याला 'गळती' म्हणतात. नळ गळतो, छप्पर गळते, तशी जणू मुलेही आपोआप गळून पडतात. पण मित्रहो, ही मुलगी गळलेली नाही, तिला ढकलण्यात आले आहे. आणि ढकलणारी गोष्ट तिच्या आईचे अज्ञान नसून एक न केलेला सरकारी खर्च आहे. हा खर्च करण्याची गरज या देशाला कळली नव्हती, असेही नाही. गेल्या शंभर वर्षांत ती वारंवार कळली, लिहिली गेली, करूनही दाखवली गेली आणि प्रत्येक वेळी बाजूला ठेवण्यात आली. तोच इतिहास आपण येथे पाहणार आहोत.

शंभरातील ८२

१२ मार्च १९२७. महाडचा सत्याग्रह अवघ्या काही दिवसांवर आलेला. मुंबई विधिमंडळात बाबासाहेब शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेला उभे राहिले. चवदार तळ्याचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे, पण त्याच महिन्यातले हे भाषण आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे?

त्या भाषणात बाबासाहेबांनी सरकारी अहवालातलीच आकडेवारी सरकारसमोर ठेवली. शिक्षणाचा प्रसार याच गतीने होत राहिला तर शाळेच्या वयाची सगळी मुले शाळेत यायला ४० वर्षे लागतील आणि मुलींना ३०० वर्षे लागतील, हे त्यांनी निदर्शनास आणले. पुढे त्यांनी सांगितले की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात. शाळेत नाव घातले म्हणजे शिक्षण झाले असे त्यांनी मानले नाही. शाळेचा उंबरठा ओलांडलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, ही त्यांची कसोटी होती.

आणि लगेच त्यांनी पैशाकडे बोट दाखवले. मुंबई इलाख्यात शिक्षणावर दरडोई खर्च होतो १४ आणे, तर अबकारी म्हणजे दारूच्या उत्पन्नातून सरकार दरडोई वसूल करते दोन रुपयांहून अधिक. निदान लोकांकडून दारूपोटी जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असा त्यांचा रोखठोक मुद्दा होता.

येथे बाबासाहेबांची पद्धत लक्षात घेतली पाहिजे. ८२ मुले बाहेर पडतात याचा दोष त्यांनी पालकांच्या माथी मारला नाही. गळतीचा आकडा आणि अंदाजपत्रकाचा आकडा त्यांनी शेजारी शेजारी ठेवला. आजही गळतीवर बोलताना हीच पद्धत वापरली पाहिजे. समुपदेशन करा, प्रबोधन करा, पण आधी पैसा कुठे आहे ते दाखवा.

चळवळीला हे अनुभवातून माहीत होते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात सभेने वसतिगृह सुरू केले. शाळेत प्रवेश मिळाला म्हणजे मूल शाळेत टिकते असे नाही, त्याला राहायला जागा आणि पोटाला भाकरी लागते, हे त्यामागचे साधे गणित होते. म्हणजे शाळेच्या भिंतीबाहेरची गरजही शिक्षणाचाच खर्च असते. वसतिगृहाने घरापासून लांब राहणाऱ्या मुलाची अडचण सोडवली. घरातच अडकलेल्या मुलीची अडचण मात्र वेगळी होती. तिला खोली नको होती. तिच्या कडेवरचे मूल उतरवून घेणारे कुणीतरी हवे होते.

बोर्डी आणि कोसबाद

हे मूल उतरवून घेण्याचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. या दोघी आपल्या चळवळीतल्या नव्हत्या. तरी त्यांचे काम आपण अभ्यासले पाहिजे, कारण ज्या माणसांपर्यंत शाळा पोहोचत नव्हती त्यांच्याकडे त्या स्वतः गेल्या. तो काळही लक्षात घ्या. १९४५ मध्येच याच पट्ट्यात वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. ज्यांचे श्रमच स्वतःचे नव्हते, त्यांच्या मुलांचे बालपण तरी स्वतःचे कसे असणार?

बोर्डीच्या मध्यवर्ती बालवाडीत वस्त्यांवरची मुले येईनात. तेव्हा बालवाडीच वस्तीत नेण्यात आली, लोकांच्या अंगणात. 'अंगणवाडी' हा शब्द तेथून आला. १९५७ साली हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे आदिवासी मुले शाळेत टिकत नव्हती, आणि का टिकत नाहीत याचा शोध घेतल्यावर दोन उत्तरे मिळाली. मुलगे गुरे राखायला जातात आणि मुली भावंडे राखतात. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरतात तेथेच शिकवणे. आणि मुलींसाठी विकासवाडी उभी राहिली. विकासवाडीची रचना साधी होती: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मोठी बहीण भावंडांना घेऊनच येणार. तान्हे पाळणाघरात, चार वर्षांचे बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात.

वाचक मित्रहो, येथे क्षणभर थांबा. 'ही शाळा आहे, पाळणाघर नाही' या वाक्याचे उत्तर साठ वर्षांपेक्षा अधिक काळ आपल्याच राज्यातल्या एका टेकडीवर तयार आहे. शाळेला पाळणाघर जोडले नाही, तर बहीण स्वतःच पाळणाघर होते. कोसबादने हे ओळखले आणि पाळण्याचा खर्च हा शाळेचाच खर्च मानला.

बाबासाहेबांचा कलम ४५ आणि त्याची कापाकापी

आता संविधान सभेकडे वळू. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुद्यातल्या शिक्षणविषयक अनुच्छेदावर चर्चा झाली. हाच पुढे अनुच्छेद ४५ झाला. दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्य झटेल, असे त्यात होते. हे शिक्षण फक्त प्राथमिक स्तरापुरते ठेवावे अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद असा होता की, चौदा वर्षांखालील मुलाला धोक्याच्या कामावर लावण्यास आपण दुसऱ्या अनुच्छेदाने मनाई करत आहोत. मूल कामावर नसेल तर ते शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे, म्हणून वयोमर्यादा चौदाच हवी.

या युक्तिवादात बालमजुरी आणि शिक्षण या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. मूल एकतर कामावर असते किंवा शाळेत असते. मग प्रश्न असा की, दिवसाचे आठ-दहा तास भावंड सांभाळणारी, चूल पेटवणारी, पाणी भरणारी मुलगी 'कामावर' आहे की नाही? कायद्याच्या डोळ्यांनी ती कामावर नाही. २०१६ साली बालमजुरी कायद्यात दुरुस्ती करून मुलाने शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत कुटुंबाला मदत करणे कायदेशीर ठरवण्यात आले. 'शाळेच्या वेळेनंतर' हे शब्द कागदावर शोभून दिसतात. पण तान्हे मूल शाळा सुटेपर्यंत भूक थांबवून ठेवत नाही.

मूळ अनुच्छेद ४५ मधली दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. 'चौदा वर्षांपर्यंतची सर्व मुले' असे त्यात म्हटले होते. सुरुवातीचे वय सांगितलेले नव्हते. म्हणजे सहावीतली मुलगीही त्यात होती आणि तिच्या कडेवरचा दीड वर्षाचा भाऊही त्यात होता. दोघेही एकाच वचनाचे हक्कदार होते.

२००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने या भावाबहिणीची ताटातूट केली. अनुच्छेद २१-क आणून शिक्षण मूलभूत हक्क झाला, याचे आपण स्वागतच केले. पण तो हक्क ६ ते १४ वयापुरताच ठेवला. सहा वर्षांखालील मुलांना नव्या अनुच्छेद ४५ मध्ये टाकले. तेथे त्यांच्यासाठी राज्य फक्त 'प्रयत्नशील राहील'. बहिणीला हक्क मिळाला आणि भावाला आश्वासन मिळाले. परंतु भाऊ जिच्या कडेवर आहे, तिचा हक्क भावाच्या आश्वासनापाशीच अडकला.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात हीच मेख कलम ११ मध्ये आहे. तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी शासन आवश्यक ती व्यवस्था करू शकेल, असे ते कलम म्हणते. 'करील' नव्हे, 'करू शकेल'. आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या सांभाळासाठी राज्याला बांधील धरणारे तर त्या कलमात काहीच नाही. एका क्रियापदात किती मुलींची शाळा बुडाली असेल, याचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

पाळणाघर कुणासाठी? कारखान्यासाठी

राज्याने पाळणाघराची कल्पना कधी मानलीच नाही, असेही नाही. पण ती मानताना कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, ते पाहिले पाहिजे.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते की, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याच्या खर्चाचा भार सरकारनेही उचलावा. १९२९ साली तो कायदा झाला. मूल वाढवणे ही बाईची खासगी अडचण नसून समाजाची जबाबदारी आहे, हा विचार त्यात होता. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि त्याच काळात खाणीतल्या स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराचा विषय कायद्यात येऊन १९४६ साली त्याचे नियम झाले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासपेक्षा अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ साली ही मर्यादा तीसवर आणली. चांगलेच झाले. पण आमच्या आया कुठे काम करत होत्या? दुसऱ्याच्या शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर, उसाच्या फडात, शहरात चार घरची धुणीभांडी करत. तेथे एका छपराखाली तीस स्त्रिया कधी मोजल्या गेल्या? जेथे मालक एक नाही, हजेरीपट नाही, छप्परही नाही, तेथे कायद्याचे पाळणाघर पोहोचलेच नाही. संघटित कामगाराला पाळणाघर मिळाले आणि असंघटित बाईला तिची थोरली मुलगी मिळाली. असंघटित कष्टांत कोणत्या जातींच्या बायका सर्वाधिक आहेत, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून पाळणाघराचा प्रश्न हा बाईचा प्रश्न आहे, तेवढाच तो जातीचाही प्रश्न आहे.

ऊसतोडीचेच पाहा. मुकादमाची उचल 'कोयत्या'वर मिळते, आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. दिवाळीच्या सुमारास जोडी निघते, सोबत तान्हे मूल असते आणि तान्ह्यासाठी थोरली मुलगी असते. हंगाम संपेपर्यंत ती कोपीवर भाकऱ्या थापते आणि भावंड राखते. शासनाची हंगामी वसतिगृहे मागे गावात मुलांना ठेवून घेतात, त्याचा काही मुलांना निश्चित फायदा झाला. पण ते शाळकरी मुलांसाठी आहे. फडावर तान्हे नेले की त्याला सांभाळणारी मुलगीही न्यावीच लागते. पाळण्याविना वसतिगृह अपुरे आहे.

अंगणवाडी घेतली, विकासवाडी सोडली

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. नाव घेतले बोर्डीचे, 'अंगणवाडी'. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. त्यांनी लसीकरण, पोषण आणि पूर्वशिक्षणाचे फार मोठे काम केले आहे आणि ते अत्यंत तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेविका-मदतनिसांनी केले आहे, हे आम्ही आदराने नोंदवतो.

पण अंगणवाडीचे नाव घेताना कोसबादचा गाभा मागे राहिला. अंगणवाडी काही तासच चालते, शाळा सायंकाळपर्यंत चालते. तीन ते सहाची मुले तेथे बसतात, तीन वर्षांखालच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही. अनेक गावांत अंगणवाडी एका टोकाला आणि शाळा दुसऱ्या टोकाला असते. म्हणजे पोषण आले, पूर्वशिक्षण आले, पण बहिणीची सुटका आली नाही.

सरकारला हे कळत नव्हते का? पूर्ण कळत होते. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात स्पष्ट लिहिले आहे की, भावंडे सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावे म्हणून आणि गरीब कष्टकरी स्त्रियांना आधार म्हणून दिवसभराची पाळणाघरे प्राथमिक शिक्षणाची पूरक सेवा म्हणून दिली जातील. म्हणजे १९८६ साली भारत सरकारने लेखी मान्य केले की पाळणाघर हा शिक्षणाचा भाग आहे. १९९४ पासून आलेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात शाळेजवळ बालकेंद्रे आणि त्यांच्या वेळा शाळेशी जुळवणे हा विचार होता. २००३ साली मुलींच्या प्राथमिक शिक्षणासाठी जो राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्यातही मुलींवरचा भावंडांचा भार हलका करण्यासाठी बालसंगोपन केंद्रांची तरतूद होती. पुढे तो कार्यक्रमच गुंडाळला गेला.

महाराष्ट्राने १९९२ पासून मागास घटकांतील व दारिद्र्यरेषेखालील प्राथमिक शाळेतल्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. हेतू चांगला होता. पण हा हिशेब नीट मांडा. आईच्या रोजंदारीच्या एका दिवसासमोर हा एक रुपया कुठे उभा राहतो? मुलगी शाळेत गेली की आईचा रोज बुडतो, हे ज्याने पाहिले नाही त्यालाच रुपया पुरेसा वाटेल. तोच पैसा एकत्र करून शाळेत पाळणा बांधला असता आणि वस्तीतल्याच बाईला पगारावर नेमले असते, तर मुलीची उपस्थिती विकत घ्यावी लागली नसती.

पाळणाघरांच्या योजनेचे पुढे काय झाले? २००६ साली राष्ट्रीय पाळणाघर योजना आली आणि देशभरात वीस हजारांहून अधिक पाळणाघरे चालू लागली. २०१७ पासून खर्चाचा मोठा वाटा राज्यांवर व संस्थांवर टाकण्यात आला, आणि २०२० पर्यंत ही संख्या सात हजारांच्याही खाली आली. त्याच २०१७ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्रात कमी पटाच्या १,३०० हून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. या दोन गोष्टी वेगवेगळ्या फाइलींत आहेत, पण एकाच मुलीच्या आयुष्यात त्या एकत्र येतात. वस्तीतली शाळा जवळ होती तेव्हा ती मधल्या सुट्टीत धावत येऊन भावाला पाहून जायची. शाळा दोन-तीन किलोमीटरवर गेली की ते दारही बंद.

काही आक्षेप

आम्ही हा विषय बैठकांत मांडतो तेव्हा काही आक्षेप हमखास येतात. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप: शाळेचे काम शिकवणे आहे, मुले सांभाळणे नाही. मग शाळेचे काम जेवण देणेही नव्हते. पण उपाशी मूल शिकत नाही हे मान्य झाल्यावर माध्यान्ह भोजन शाळेत आले आणि आज त्याशिवाय शाळेची कल्पना करता येत नाही. सायकल, गणवेश, वसतिगृह, या सगळ्यांबद्दल कधीकाळी हाच आक्षेप होता.

दुसरा आक्षेप: गरिबांनी मुले कमी जन्माला घालावीत. हा आक्षेप आपल्याच शिकलेल्या, नोकरदार झालेल्या लोकांकडून येतो तेव्हा अधिक टोचतो. त्यांना आम्ही नम्रपणे विचारतो, तुमच्या घरी मूल झाले तेव्हा ते कुणी सांभाळले? पगारी रजा होती, आई गावाहून आली होती, नंतर बाई ठेवली. त्या बाईचे मूल तेव्हा कुणी सांभाळले? बहुधा तिच्या मुलीनेच.

तिसरा आक्षेप स्वतःला विचारण्याचा आहे. भावंड मुलीच्याच कडेवर का? त्याच घरात आठवीतला भाऊ असतो, तो शाळेत जातो. आम्ही ज्या घरांत वाढलो तेथेही हे घडले. आमच्यातल्या काहींच्या थोरल्या बहिणी चौथीत थांबल्या आणि आम्ही एम. ए. झालो. आमच्या पदवीत तिच्या न झालेल्या शाळेचा वाटा आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि घरात मुलीच्या कडेवर मूल, ही विसंगती आम्ही फक्त सरकारच्या माथी मारू शकत नाही. पण हेही तेवढेच खरे की, राज्याने भार उचलला नाही की तो घरातल्या सर्वांत दुबळ्या खांद्यावर येतो. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या घरातही तो खांदा मुलीचाच निघावा, हे आपले अपयश आहे.

मग करायचे काय?

हा लेख वाचून हळहळू नका. करण्यासारख्या गोष्टी हाताशी आहेत.

एक, मोजा. शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण होते तेव्हा आपल्या वस्तीत स्वतः उभे राहा. प्रत्येक शाळाबाह्य मुलीच्या नावापुढे 'भावंड सांभाळते' हे कारण लिहून घ्यायला लावा. 'पालकांची अनास्था' असा शेरा लिहू देऊ नका. आम्ही आमच्या वस्तीत वहीत ही यादी ठेवायला सुरुवात केली आहे.

दोन, शाळा व्यवस्थापन समितीत जा. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक आहे. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. त्या आराखड्यात 'पाळणा खोली' हा शब्द लिहून घ्या. आराखड्यात शब्द आला की पैसा मागायला जागा तयार होते.

तीन, ग्रामपंचायतीला हिशेब विचारा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचे असतात. हा पैसा कशावर गेला ते ग्रामसभेत विचारा. जिल्हा योजनेतील अनुसूचित जाती घटकाचा निधी रस्ते आणि हायमास्ट दिव्यांवर जातो, त्यातून शाळेला लागून एक पाळणाघर का होऊ नये, हाही प्रश्न विचारा.

चार, पाळणाघर चालवणारी बाई वस्तीतलीच असावी आणि तिला रीतसर पगार असावा. सेवेच्या नावाखाली आणखी एका दलित-बहुजन बाईची फुकट राबणूक आपल्याला नको.

पाच, मोठी मागणी सोडू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मधले 'करू शकेल' जाऊन 'करील' आले पाहिजे, आणि त्यात जन्मापासूनचे मूल आले पाहिजे. ही नवी मागणी नाही. बाबासाहेबांच्या मूळ अनुच्छेद ४५ मधून जे कापले गेले, ते परत मागणे आहे.

ती मुलगी आता तेरा वर्षांची आहे. भाऊ साडेतीन वर्षांचा झाला आणि अंगणवाडीत जाऊ लागला, तेव्हा वयानुरूप प्रवेशाच्या तरतुदीचा आधार घेऊन आम्ही तिचे नाव पुन्हा शाळेत घातले. दोन वर्षांचा अभ्यास मागे राहिला आहे, इंग्रजी वाचताना अडखळते. अंगणवाडी दुपारी सुटते आणि तिची शाळा सायंकाळी. त्यामुळे दुपारनंतरचे तास तिचे अजूनही बुडतात. गेल्या महिन्यापासून विहारातल्या दोन आयांनी दुपारी मुलांना बसवून घ्यायला सुरुवात केली आहे. सात मुले येतात. चटई विहाराची, बिस्किटे वर्गणीची.

याचे कौतुक करू नका. दोन आयांच्या चटईवर राज्याची जबाबदारी पेलता येत नाही. १९२७ साली बाबासाहेबांनी ८२ मुलांचा हिशेब विधिमंडळाकडे मागितला होता. आपणही आपल्या वस्तीतल्या मुलींचा हिशेब घेऊन त्याच दारात उभे राहिले पाहिजे, वही हातात घेऊन.

जय भीम! जय सावित्री! जय संविधान!